पुढच्या रांगेतील जागा

गेल्या श्रावणात आमच्या देवस्थानाच्या अग्रशाळेच्या भिंतीवर, अभिषेकांच्या दरपत्रकाला खेटून, एक रंगीत पत्रक डकविलेले आढळले. महाजन व कुळावी मंडळींसाठी एका प्रवासी कंपनीने आखलेली ती सहल होती. प्रथम मॉरिशस, आणि तेथून जवळच असलेले रेयुनियन नावाचे फ्रेंच बेट. बेटाचे वर्णन ‘अस्पर्शित फ्रेंच स्वर्ग’ असे केले होते. पहिल्या दिवशी ज्वालामुखी, दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून डोंगरदऱ्या, तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्रात देवमासे, आणि त्याच सायंकाळी तामीळ देवळात निखाऱ्यांवरून चालणाऱ्या लोकांचा ‘थरारक कार्यक्रम’. या शेवटल्या ओळीपुढे दोन आश्वासने होती: छायाचित्रणाची मुभा आणि पुढच्या रांगेतील जागा. त्यानंतर हॉटेलात रात्रीचे जेवण, शाकाहाराची सोय असलेले.

हा कागद माझ्याकडे आला तो वकील म्हणून. पत्रकावर देवस्थानाचे नाव छापू देण्यास कायद्याची काही हरकत आहे काय, एवढेच समितीने विचारले होते. हरकत नाही, असे मी दोन ओळींत लिहून दिले. कायद्याची हरकत खरोखरच नाही. जी आहे ती त्या दोन ओळींत मावत नव्हती. म्हणून ती या मासिकाच्या वाचकांपुढे मांडीत आहे.

‘अस्पर्शित’ हे विशेषण प्रथम घेऊ. रेयुनियनचे क्षेत्रफळ सुमारे २,५१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दोन-तृतीयांशाहून किंचित अधिक. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे मनुष्यवस्ती नव्हती, आणि तेवढ्या काळापुरते हे विशेषण मी निमूटपणे मान्य करतो. त्यानंतर त्या किनाऱ्यावर ज्याचा पाय लागला तो एकतर आपणहून आला किंवा आणला गेला; आणि आणल्या गेलेल्यांची संख्या आपणहून आलेल्यांच्या कितीतरी पट होती. अगदी पहिल्या वसाहतवाल्यांच्या बायकांत पोर्तुगीज आडनावे धारण केलेल्या हिंदी स्त्रिया होत्या, ही गोष्ट गोमंतकीय वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अठराव्या शतकात कॉफीसाठी आणि एकोणिसाव्यात उसासाठी मादागास्करहून व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम भरून आणले. २० डिसेंबर १८४८ रोजी तेथील गुलामगिरी संपली तेव्हा साठ हजारांहून अधिक माणसे मोकळी झाली. मोकळी झाली म्हणजे काय, तेही पाहण्यासारखे आहे: मुक्तीचा दिवस उजाडण्यापूर्वीच प्रत्येकाने कामाचा करार केला पाहिजे, असा गव्हर्नरचा हुकूम होता. पुढे १८४९ च्या कायद्याने नुकसानभरपाई मंजूर झाली, ती मालकांना. गुलामांचे काही नुकसान झाले होते असे त्या कायद्यास वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरमधून जी दरी दाखवावयाची आहे तिचे नाव माफात. आजही तेथे मोटारीचा रस्ता नाही. पायी जावे लागते, नाहीतर आकाशातून. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी याच कड्याकपारींचा आसरा घेतला होता आणि त्यांची शिकार करण्यासाठी बंदुकधारी टोळ्या डोंगरात पाठवीत असत. माफात हे अशाच एका पळालेल्या पुढाऱ्याचे नाव, असे तेथे सांगतात. २०१० साली युनेस्कोने ही शिखरे व खोरी जागतिक वारशाच्या यादीत घेतली ते योग्यच झाले. वरून पाहणाऱ्याला ती हिरवी व शांत दिसतील. हातातल्या पत्रकात त्या नावामागचा माणूस मात्र नाही, आणि ‘अस्पर्शित’ हा शब्द खरा ठरण्यासाठी तो नसणेच सोयीचे आहे.

ज्वालामुखीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पितों द ला फुर्नेझ हा २,६३२ मीटर उंचीचा पर्वत जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींत गणला जातो. तो जरूर पाहावा. त्याने कोणाशी करार केलेला नाही.

करार केला तो आपल्या लोकांनी, किंवा त्यांच्याकडून करवून घेतला गेला. गुलामगिरीच्या शेवटानंतर ऊस तोडणार कोण, या प्रश्नाचे उत्तर फ्रेंच मळेवाल्यांना पाँडिचेरी व कारिकल या बंदरांत सापडले. तुरळक भरती १८२८ च्या सुमारासच सुरू झाली होती. १८४८ नंतर ती पद्धतशीर झाली. परंतु फ्रेंच मुलूख तो केवढा! माणसे पुरेनात. तेव्हा ब्रिटिश हद्दीतूनही मजूर नेता यावेत म्हणून २५ जुलै १८६० रोजी इंग्लंड व फ्रान्स यांच्यात रेयुनियनपुरता करार झाला, आणि १ जुलै १८६१ रोजी तोच ग्वादलूप, मार्तिनीक व गयाना या दूरच्या वसाहतींना लागू झाला. एकट्या रेयुनियनला लाखाहून अधिक हिंदी मजूर गेले. ग्वादलूपला सुमारे ४२ हजार, मार्तिनीकला सुमारे २५ हजार.

कागद म्हणून हा करार वाईट नाही. मुदत पाच वर्षांची. आठवड्यातून सहा दिवसांहून व दिवसाकाठी साडेनऊ तासांहून अधिक काम नाही. मुदत संपल्यावर परतीचा प्रवास फुकट. देखरेखीला ब्रिटिश वकिलातीचा माणूस. माझ्या धंद्यात असे सुबक दस्तऐवज अनेकदा हाती येतात, आणि अनुभव असा की दस्तऐवज जितका सुबक तितकी त्याच्या अंमलबजावणीची चौकशी अधिक करावी. पाच वर्षे संपलेल्या मजुराजवळ नव्या कामाचा करार नसला की तो भटक्या ठरे, आणि भटक्या ठरला की शिक्षेस पात्र होई. म्हणजे परतीचे जहाज कागदावर आणि नवा करार दारात. अखेर १८७७ साली दोन्ही सरकारांची संयुक्त चौकशी बसली आणि १८८२ साली हिंदुस्थान सरकारने रेयुनियनकडे जाणारी भरती बंद केली. ब्रिटिश मळ्यांतही काही अमृत पाझरत नव्हते. तरी त्या सरकारलाही जे पाहवेना ते काय असेल याची कल्पना करावी.

या माणसांना तेथे ‘मलबार’ म्हणतात. त्यांतील बहुसंख्य तामीळ देशातले होते, मलबारचे नव्हते. पण आणणाऱ्याला नावाशी कर्तव्य नसते. त्यांच्या मुलांना घरी एक नाव आणि चर्चच्या वहीत दुसरे. मुलाचे नाव रूढ दिनदर्शिकांतले किंवा प्राचीन इतिहासातले असावे, असा १८०३ चा फ्रेंच कायदा होता. तो पुरता गेला १९९३ साली. बाप्तिस्मा झाला, रविवारी चर्चला जाणे झाले, आणि तरीही साखर कारखान्याच्या आवारात, उसाच्या फडाच्या कडेला, झाडाखाली एक शेंदूर फासलेला दगड उभा राहिला. मारिअम्मन आली, काली आली. पुढे त्या दगडांभोवती देवळे झाली, आणि आज सां-आंद्रे व सां-पिएर या गावांतील रंगीत गोपुरे प्रवाशांच्या नकाशांवर आहेत. ज्यांच्या पूर्वजांनी सासष्टी, बारदेश व तिसवाडीतून देव रातोरात नदीपार अंत्रुजात आणले, त्या आम्हांस ही कथा कोणी समजावून सांगावयास नको. आमचे देव नदी ओलांडून आले, त्यांचे समुद्र. फरक एवढाच की आमच्या पूर्वजांना परत फिरून नदीकाठी उभे राहता येत होते.

आता तिसऱ्या दिवसाच्या सायंकाळकडे वळू. हा सगळा लेख त्या एका ओळीसाठी आहे.

निखाऱ्यांवरून चालण्याचे हे व्रत द्रौपदीचे आहे. तेथे तिला पांदियाले म्हणतात. व्यासांच्या महाभारतात ही कथा शोधू नये. ती तामीळ लोकपरंपरेतील आहे, आणि मळ्यांतल्या माणसांनी तीच सोबत नेली. व्रत घेणारा अठरा दिवस नियमाने राहतो. मांस नाही, मद्य नाही, स्त्रीसंग नाही. आजारी मूल बरे झाले म्हणून कोणी नवस फेडतो, कोणी नवा बोलतो. शेवटच्या दिवशी स्नान करून, ओल्या पिवळ्या वस्त्रानिशी, फुले माळून मिरवणूक देवळात येते, आणि मग तो माणूस निखाऱ्यांवर पाय ठेवतो. जो हे करतो तो कोणाला काही दाखवीत नसतो.

हे वर्णन वाचताना ज्या वाचकाला शिरगाव आठवले नसेल त्याने आपण कोठले आहोत याचा पुन्हा विचार करावा. वैशाख शुद्ध पंचमीला श्रीलईराईच्या जत्रेस धोंड येतात ते असेच. सोवळ्याने राहून, तळीत न्हाऊन, हातात वेताची काठी आणि गळ्यात मोगऱ्याच्या कळ्या घेऊन. आणि पहाटे होमखणाच्या निखाऱ्यांतून पार होतात. माझे आजोबा धोंड नव्हते, पण त्यांचे शेजारी होते. व्रताच्या दिवसांत त्या घरासमोरून जाताना आम्हां मुलांना आवाज खाली करावयास सांगत. एवढेच मला त्या व्रताचे शिक्षण मिळाले आणि ते पुरेसे होते.

कल्पना करावी, की पॅरिसच्या एखाद्या कंपनीने पत्रक छापले: सकाळी दूधसागर, दुपारी कोळंबीचे जेवण, रात्री शिरगावला पाय भाजून घेणारे लोक, पुढच्या रांगेतील जागा. आमच्यापैकी किती जण दुसऱ्या दिवशी माझ्या कचेरीत येतील? धार्मिक भावना दुखावल्याची फिर्याद लिहून घेण्यासाठी मला कारकून वाढवावा लागेल. सभा होतील, निषेधाचे ठराव होतील. तेच आम्ही, तेच शब्द, दुसऱ्याच्या देवीबद्दल छापलेले पाहून, शाकाहाराची सोय आहे ना एवढेच विचारतो.

यावर समितीतील एका वडीलधाऱ्या सदस्यांनी जे उत्तर दिले ते मी प्रामाणिकपणे नोंदवितो, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, ती देवळे बंद नाहीत. तिथले लोक पाहुण्यांना या म्हणतात. बेटाचे पोट पर्यटनावर चालते. आम्ही गेलो नाही तर नुकसान कोणाचे?’’ यातील पहिली दोन विधाने खरी आहेत. ती देवळे पाहुण्याला हाकलीत नाहीत, आणि सां-आंद्रेची दीपावली तर सगळे बेट मिळून पाहते. परंतु यजमानाने दार उघडे ठेवणे ही एक गोष्ट आणि तिऱ्हाइताने त्या दाराची तिकिटे विकणे ही दुसरी. पुढच्या रांगेतील जागा देण्याचा अधिकार कंपनीला कोणी दिला? देवळाने दिल्याचे पत्रकात म्हटलेले नाही. मी विचारले, तेव्हा कंपनीच्या माणसाने ‘तिथे गेल्यावर सोय होते’ असे सांगितले. जी वस्तू आपली नाही ती विकण्यास कायद्यात जे नाव आहे ते येथे लिहीत नाही. पोटाचे म्हणाल, तर बेटाच्या पोटाची चिंता वाहणाऱ्याने तेथील माणसाच्या खानावळीत जेवावे. मसाले घातलेले बोकडाचे मटण तेथे ‘मसाले’ याच नावाने मिळते, आणि न खाणाऱ्याला डाळ-भात व लोणचेही मिळते.

शेवटचे विशेषण राहिले: ‘फ्रेंच’. पत्रकाचा खरा माल हाच. फ्रान्स पाहिल्याचे समाधान, आणि तेही जवळच्या समुद्रात. कायद्याने रेयुनियन फ्रान्सच आहे. तेथे युरो चालतो. इतकेच नव्हे, तर युरोच्या नोटेच्या मागील बाजूस नकाशाच्या तळाशी हे बेट बारीक चौकटीत छापलेले आहे. पण शेंगेन करारात ते नाही. पॅरिससाठी मिळालेला सर्वसाधारण शेंगेन व्हिसा दाखवून कोणी सां-देनीला उतरू पाहील तर त्याला फ्रान्सची ही अविभाज्यता खिडकीपाशीच समजेल. बेटाच्या नावाचा वेगळा व्हिसा लागतो. पत्रकात हेही नव्हते, आणि ही उणीव मात्र मी वकील म्हणून समितीच्या नजरेस आणली.

‘सागरपार प्रांत’ हा शब्द आम्हांस ऐकून माहीत आहे. १९५१ साली लिस्बनने घटना दुरुस्त करून ‘वसाहत’ शब्द पुसला आणि गोवा एका रात्रीत पोर्तुगालचा सागरपार प्रांत झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांत आमच्याकडे वसाहतच नाही असे सांगण्याची सोय झाली. १५ डिसेंबर १९६० च्या ठरावाने आमसभेने ती सोय काढून घेतली आणि यादीत गोव्याचे नाव घातले. म्हणून रेयुनियनलाही त्याच मापाने मोजण्याचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण प्रकरण तसे नाही. १९ मार्च १९४६ च्या कायद्याने रेयुनियन, मार्तिनीक, ग्वादलूप व गयाना ही फ्रान्सची डिपार्टमेंटे झाली, ती मागणी बेटांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींचीच होती. मार्तिनीकचे कवी एमे सेझेर यांनी संसदेत ती मांडली आणि रेयुनियनचे रेमों व्हेर्जेस त्यांच्या बाजूला होते. त्यांना तिरंगी झेंड्याचे वेड नव्हते. फ्रेंच कामगाराला जो कायदा, जे पेन्शन, जे इस्पितळ, ते ऊसतोड्यालाही मिळावे, हा हिशेब होता. गोव्यात सालाझारने आम्हांस विचारले नव्हते. हा फरक प्रामाणिक माणसाने मानलाच पाहिजे.

परंतु समान म्हटल्याने समान झाले, असेही नाही. १९६२ पासून १९८४ पर्यंत रेयुनियनमधील २,०१५ मुले सरकारी देखरेखीखाली फ्रान्सच्या ओसाड पडत चाललेल्या ग्रामीण भागांत, विशेषतः क्रूझमध्ये, नेऊन ठेवली गेली. पुष्कळांना पुन्हा आईबाप दिसले नाहीत. फ्रेंच लोकसभेने त्याची नैतिक जबाबदारी मान्य केली २०१४ साली. मार्तिनीक व ग्वादलूपच्या केळीच्या बागांत क्लोरडेकोन हे विषारी कीटकनाशक १९७२ पासून वापरले; मुख्य भूमीवर ते १९९० साली बंद झाले, बेटांवर मात्र सवलत देऊन १९९३ पर्यंत चालू ठेवले. आज तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात ते आढळते, आणि जानेवारी २०२३ मध्ये तपास न्यायाधीशांनी खटला न चालविता प्रकरण बंद केले. पॅसिफिकमधल्या बोराबोराची निळी चित्रे नवपरिणितांसाठी छापणारे लोक हे छापीत नाहीत की त्याच फ्रेंच पॉलिनेशियात, मोरुरोआ व फांगाताउफा या प्रवाळबेटांवर, १९६६ ते १९९६ या काळात फ्रान्सने १९३ अणुस्फोट केले. स्वर्गाच्या प्रत्येक पत्रकाची मागची बाजू कोरी असते. ती कोरी का, हे विचारणे प्रवाशाचे काम आहे, एवढेच माझे म्हणणे.

आमच्या मंडळींनी जाऊ नये, असे मी म्हणतो असा ग्रह कोणी करून घेऊ नये. उलट जावे. पण आणखी एका गोष्टीची मला धास्ती वाटते, आणि ती कंपनीविषयी नसून आम्हांविषयी आहे. मलबारांच्या कित्येक देवळांत बोकड व कोंबडे बळी दिले जातात. आमच्यातील एखादे विद्वान गृहस्थ ते पाहून नाक मुरडणार, आणि हे हिंदूधर्माला कसे धरून नाही यावर तेथील पुजाऱ्यास प्रवचन देणार, हे मला आताच दिसते आहे. त्या गृहस्थांनी प्रथम आमच्याच गावांच्या वेशीवरील राखणदारांना काय काय चढते व पूर्वी काय चढत असे याची माहिती करून घ्यावी. दीडशे वर्षे पुरोहित नाही, पोथी नाही, भाषा विरत चालली, नाव बदलले, अशा स्थितीत ज्यांनी देवी टिकविली त्यांना आम्ही काय शिकविणार? शिकावयाचेच असेल तर ग्वादलूपच्या आंरी सिदांबरोम या गृहस्थाचे चरित्र शिकावे. करारावर आलेल्या हिंदी आईबापांच्या पोटी १८६३ मध्ये कापेस्तेर गावी जन्मलेल्या या माणसाने हिंदी वंशाच्या लोकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून १९०४ मध्ये लढा सुरू केला आणि तो १९२३ पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षे, चालविला. सरतेशेवटी ते लोक नागरिक ठरले. इतकी वर्षे एक प्रकरण जिवंत ठेवणे काय असते ते आमच्या धंद्यातील माणूस जाणतो.

रेयुनियनमध्ये सां-देनीजवळ समुद्राला लागून ग्रांद शालूप नावाची एक अरुंद दरी आहे. तेथे लाझारेत म्हणजे विलगीकरणाच्या बराकी आहेत. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या, आता डागडुजी करून लोकांना खुल्या केलेल्या. जहाजातून उतरलेल्या मजुरास मळ्यात पाठविण्यापूर्वी रोगाच्या भयाने तेथे कोंडून ठेवीत. हेलिकॉप्टर लागत नाही. पुढची रांगही नाही.

समितीची बैठक येत्या कार्तिकात आहे. मी सचिवांकडे लेखी अर्ज दिला आहे: देवस्थानाचे नाव हवे असेल तर कंपनीने ‘अस्पर्शित’ हा शब्द गाळावा, व्हिसाची अट ठळक छापावी, दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रांद शालूप घालावे आणि तिसऱ्या दिवसाची सायंकाळ कोरी ठेवावी. त्या सायंकाळी ज्यास देवळात जावयाचे असेल त्याने स्नान करून, यंत्र खोलीत ठेवून, तेथल्या लोकांना विचारून जावे व मागे उभे राहावे. अर्जावर माझ्याखेरीज आतापर्यंत नऊ महाजनांच्या सह्या झाल्या आहेत. वर उल्लेखिलेल्या वडीलधाऱ्या सदस्यांनी अर्ज दोनदा वाचून चष्मा पुसला, आणि सही उद्या करतो असे सांगून कागद घरी नेला आहे.